स्लिंगशॉट ड्रॅगस्टरचं १/२५ किट : चौदा महिन्यांनंतर (मुख्यतः टायरांबद्दल)

मागच्या रविवारी कपाटाची काच पुसायला म्हणून गाडी (मूळ ड्रॅगस्टरच्या पंचविसाव्या हिश्श्याचं, मी जोडलेलं प्लास्टिकचं मॉडेल) उचलली आणि मागचं उजवं चाक फळीवरच राहिलं. तुटलं असेल म्हणून फेविक्विक शोधायला निघालो. चष्मा लावून पाहिलं तर तुटलं नव्हतं, वितळलं होतं. रिमची कड टायरच्या आत मेणासारखी बसलेली, बोटाला चिकट लागणारी. टायर ओढला तसा रिमचा एक पापुद्रा त्याच्यासोबत निघून आला. नागपूरचा मे महिना आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला, हे मान्य. पण शेजारच्याच फळीवर बारा वर्षांपूर्वी जोडलेलं विमान ठणठणीत उभं आहे.

कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. ड्रॅगस्टर म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीची गाडी, आणि स्लिंगशॉट म्हणजे त्यातली इंजिन पुढे, ड्रायव्हर पार मागे अशी. साठच्या दशकाच्या अखेरची गाडी, जुन्या साच्यातून पुन्हा काढलेलं किट. टपालखर्च वाटला जावा म्हणून मी एकदम दोन पेट्या मागवल्या. एक पेटी ड्यूटीसकट ४,७५० रुपयांना पडली. हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडतोय.

फ्रेमचे पाइप बारीक आहेत, स्प्रूवरून (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) निप्परने घाईत तोडाल तर मोडणारच. माझे दोन मोडले. बाकी जोडणी सरळ आहे. मजा येते ती सीट बसवताना. आकृतीत ते कळत नाही. ड्रायव्हर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसतो, त्याचे पाय डिफरन्शियलच्या दोन बाजूंनी पुढे जातात, आणि क्लच-गिअरचा सगळा लोखंडी कारभार त्याच्या पायांच्या मध्ये फिरत असतो. चिमट्यात सीट धरून मी तसाच थांबलो होतो. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या लायन्स स्ट्रिपवर डॉन गार्लिट्झ या नामांकित ड्रॅग रेसरच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. हे वाचलेलं होतं. पण तो पाय नेमका कुठे असतो, हे हातात अडीच सेंटिमीटरची सीट धरल्यावर समजलं. पुढच्याच वर्षी गार्लिट्झ इंजिन पाठीमागे असलेली गाडी घेऊन पोमोनाला आला आणि तिथली विंटरनॅशनल्स ही मोठी शर्यत जिंकून गेला. मग स्लिंगशॉट फार काळ टिकल्या नाहीत.

इंजिन झकास आहे. हेमीची (क्रायस्लरचं आठ सिलिंडरचं इंजिन) रुंद सिलिंडर-हेड आणि वर ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. हा ब्लोअर मुळात जीएमसीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा, म्हणजे ट्रक-बसचा माल. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ते नाव. किटमध्ये स्पार्क प्लगच्या वायरी दिलेल्या नाहीत, त्या आपणच घालायच्या. खऱ्या वायरीची जाडी सात-आठ मिलिमीटर, पंचविसाने भागा, ०.३ आली. बाहेरून मागवली तर तीन फुटांना पाचशे रुपये मागतात. मी कोपऱ्यावरच्या कूलर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. "काय करून राहिले भाऊ एवढुशा तारेचं?" म्हणाला. गाडीच्या इंजिनाला लावायची, असं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाच मीटर तार फुकट दिली. १-८-४-३-६-५-७-२ हा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) लावून मॅग्नेटोपासून, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागापासून, आठही वायरी नेल्या. कोणी तपासणार नाही, ठाऊक आहे.

पार्टवरचा क्रोमचा मुलामा मात्र नेहमीचाच, अंगावर येणारा. लग्नाच्या वरातीतल्या बँडसारखा चमकतो. शिवाय क्रोमवर ग्लू धरत नाही, त्यामुळे उतरवावंच लागतं. बाथरूमच्या ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवलं की साफ. (तिथे दुसरं अ‍ॅसिडवालं क्लीनर ठेवलेलं असतं, ते चुकूनही यात मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.) गंमत म्हणजे त्या काळात बर्नआउटसाठी (सुटण्याआधी चाकं जागच्या जागी फिरवून टायर तापवायला) खऱ्या गाड्यांच्या टायरखालीही ब्लीचच ओतायचे. एकाच बाटलीत दोन्ही कामं.

रंगाचं एक सांगून ठेवतो. कूलर चालू ठेवून लॅकर मारू नका. मी मारला. काळा रंग पाच मिनिटांत राख फासल्यासारखा पांढरट पडला आणि वर खसची एक काडी येऊन बसली. कूलर बंद करून, घाम पुसत, पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाळलं.

आता टायर.

सुरुवातीला या किटची मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट तीच होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी टायरला हात लावून बघायला सांगायचो. ड्रॅगस्टरमध्ये दुसरं असतं काय? १,३२० फूट, म्हणजे ४०२ मीटर सरळ रस्ता. पुढे सायकलसारखी दोन चाकं, मागे हे दोन अजस्र स्लिक, म्हणजे गुळगुळीत टायर. वर नक्षी नाही, आत हवा कमी, त्यामुळे सुटताना रबराच्या भिंतीला सुरकुत्या पडतात आणि वेग वाढला की टायर फुगून उंच होतो. सगळी ताकद शेवटी त्या काळ्या गोळ्यातून रस्त्यावर उतरते. किटमधला टायर मऊ, दाबला तर दबणारा, बाजूची उठावाची अक्षरं सुबक. आणि त्यानेच घात केला.

कारण साधं आहे. टायर पीव्हीसीचे. मऊ राहावेत म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनमध्ये (किटचे बाकीचे पार्ट ज्याचे असतात त्या प्लास्टिकमध्ये) शिरून त्याला मऊ करतं. उन्हाळ्यात अधिक जलद. जुने मॉडेलवाले हे पन्नास वर्षं सांगत आले आहेत. मग कंपनीने माहितीपत्रकात एक ओळ छापायला काय हरकत होती? "रिम आणि टायर यांच्यामध्ये काहीतरी घाला." एवढीच ओळ. ग्लू मुलांपासून दूर ठेवा हे मात्र सहा भाषांत छापलंय.

दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं की तक्रार माल मिळाल्यापासून दहा दिवसांत करायची. मी लिहिलं, दहा दिवसांत टायर रिम खात नाही हो, त्याला वर्ष लागतं. त्यावर म्हणे मॉडेल जोडलं की ते वापरलेलं धरलं जातं. म्हणजे जोडायच्या किटचा वापर करायचा नाही, पेटीकडे बघत बसायचं. शेवटी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देणारं कूपन पाठवलं, मुदत तीस दिवस. अजून ४,७५० खर्च केले तर ४७५ वाचतील. आमच्या घरात याला नुकसान म्हणतात.

तूर्त पाचपैकी साडेतीन तारे. टायर धरले तर दोन.

(यापुढचं सप्टेंबरमध्ये लिहितोय. वरचं तसंच ठेवलंय, पण काही गोष्टी बदलल्यात.)

पहिली गोष्ट माझ्याच अंगावर येते. पुढच्या दोन्ही चाकांचे टायरही त्याच मालाचे आहेत, आणि त्यांच्या रिमना काहीही झालेलं नाही. फरक एवढाच की पुढच्या रिमचं क्रोम मी ठेवलं होतं. मागच्या रिमचं मी ब्लीचमध्ये उतरवलं, जुन्या मॅग्नेशियम चाकांसारखा मळकट राखाडी रंग हवा म्हणून, आणि वर अगदी पातळ रंग दिला. आतल्या बाजूला तर दिलाच नव्हता. हे सिद्ध नाही करता येणार, पण क्रोम आणि त्याखालचा थर यांनी पुढे आडोसा केला असावा असं आता वाटतं. म्हणजे निम्मा गुन्हा माझा. दुकानाला अर्थातच हे कळवलेलं नाही.

दुसरी गोष्ट अशी की मी स्लिक स्वतः ओतले. दुसऱ्या पेटीतला कोरा टायर घेऊन सिलिकॉनचा साचा केला आणि त्यात रेझिन ओतलं. सिलिकॉन किलोच्या खाली मिळत नाही, रेझिनचंही तसंच. दोन टायरांना १,६०० रुपये. पहिल्या तीन टायरांत बुडबुडे आले, एकाची तर निम्मी अक्षरंच गायब. चौथा आणि पाचवा चांगले निघाले.

आणि इथे मला अनपेक्षित आनंद झाला. मऊ टायर घासता येत नाही, रेझिनचा येतो. पॉलिश पेपर काचेवर ठेवला, टायरचा तळ त्यावर चार-पाच वेळा फिरवला आणि जमिनीला टेकणारा भाग किंचित चपटा केला. गाडी फळीवर ठेवली तर पहिल्यांदाच तिला वजन आल्यासारखं दिसलं. आधी ती खेळण्यासारखी फळीला जेमतेम टेकलेली असायची, आता मागून बसलेली वाटते. मग सुईने बाजूला दोन-तीन तिरप्या सुरकुत्या कोरल्या. एक जरा जास्त खोल गेली, ती बाजू भिंतीकडे केली आहे.

मागचे रिम दुसऱ्या पेटीतून घेतले. त्यामुळे दुसरी पेटी आता मागच्या चाकांविना पडून आहे, म्हणजे खरा हिशेब ४,७५० चा नाही. तो मी घरी मांडलेला नाही. पुढच्या चाकांना मात्र क्रोम असूनही चॉकलेटची चंदेरी गुंडाळली, वर फेविकॉलचा पातळ हात दिला, मग टायर चढवले. कपाट पूर्वेच्या भिंतीला नेलं.

किट घेत असाल तर पेटी आल्या आल्या, जोडायला अजून सहा महिने असले तरी, टायर काढून वेगळे ठेवा. पिशवीत बाकीच्या पार्टवर पडून राहिले तरी ते तेच उद्योग करतात. प्लास्टिकची डबी नको, काचेची घ्या. माझे आता लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहेत, झाकणावर नावाची चिठ्ठी लावून. परवा आईने बरणी उघडून वास घेतला आणि विचारलं, "हे कशाचं घातलंयस?"