इतिहासाच्या शिक्षकाची टिपणं: वहीत, मोबाइलवर की आवाजात?

जूनमध्ये आमच्या शाळेत इतिहासाला एक नवे सर आले. पहिल्याच आठवड्यात ऑफ तासाला त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही रोज हे काय लिहिता? टाचण तर वेगळं असतं ना?" मी वही त्यांच्यापुढे सरकवली. चाळून झाल्यावर ते म्हणाले, "मलाही असं काहीतरी ठेवायचंय. पण वहीत ठेवू की मोबाइलवर? आणि सरळ रेकॉर्डिंगच केलं तर?" घंटा होईपर्यंत जमलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते. सोलापुरात काय किंवा आणखी कुठे काय, इतिहास शिकवणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडत असणार. मी तिन्ही प्रकार बरीच वर्षं करून बघितले आहेत.

टाचण वही या तुलनेत धरलेली नाही. ती मुख्याध्यापकांच्या सहीसाठी असते. घटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं एवढंच तिच्यात येतं. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी कायद्याचा, तास चालू असताना मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमच्या पणजीच्या घरात तेव्हा पोलीस शिरले होते," हे टाचणात कुठे लिहिणार? मी बोलते आहे ते अशा गोष्टींसाठीच्या जागेबद्दल.

वही

दोनशे पानी लाँगबुक आणि निळं बॉलपेन. जेल पेन घेऊ नका. एका पावसाळ्यात घराचं छत गळलं आणि कपाटाची वरची फळी भिजली. बॉलपेनची पानं सुरकुतली, पण आजही वाचता येतात. जेल पेनने लिहिलेल्या चार पानांवर नुसते निळे डाग राहिले.

वही आणली की आधी पानांना क्रमांक घालते आणि शेवटची आठ पानं सूचीसाठी कोरी सोडते. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तीन गोष्टी असतात: तारीख, जागा किंवा तुकडी, आणि सांगणारं माणूस कोण. मजकूर दोन ओळींचा असला तरी चालतो, पण या तीन गोष्टी त्याच दिवशी लिहिल्याच पाहिजेत. आपण वर्गात शिवजन्माच्या तारखेचा वाद शिकवतो, तेव्हा नेमकं काय सांगतो? उत्तरकालीन बखरींनी शके १५४९ चा, म्हणजे १६२७ चा, वैशाख सांगितला. जेधे शकावलीतल्या, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सनावळीतल्या, त्रोटक नोंदीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया होती. लोकमान्य टिळकांनी ती शकावली उजेडात आणल्यावर वादाला नवं वळण लागलं आणि आज आपण १९ फेब्रुवारी १६३० मानतो. सभासदाची बखर तर महाराजांच्या काळातल्याच माणसाची, वाचताना माणसं समोर उभी राहतात, पण तिच्यात तारखा शोधायला गेलं की हात रिकामे. वर्णन दहा वर्षांनीसुद्धा लिहिता येतं. तारीख दहा दिवसांनीही धड आठवत नाही, हा माझा अनुभव आहे.

वही मला सगळ्यांत जवळची वाटते ती खाडाखोडीमुळे. एकदा मी भुईकोट किल्ल्याबद्दल लिहून ठेवलं होतं की चांदबिबीच्या लग्नात विजापूरकरांनी सोलापूरचा किल्ला नगरकरांना दिला. वर्गातही तसंच बोलले. एक मुलगा म्हणाला, "बाई, मुलगी तर नगरची. मग आंदण विजापूर कसं देईल?" बरोबर होतं त्याचं. चांदबिबी अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. अली आदिलशहाशी तिचं लग्न झालं तेव्हा हा किल्ला नगरकडून विजापूरकडे गेला. त्याच दिवशी चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारली, वर बरोबर लिहिलं आणि समासात त्या मुलाचं नाव आणि तारीख टाकली. आज ते पान उघडलं की माझी चूकही वाचता येते आणि ती कोणी, कशी पकडली तेही. पाठ्यपुस्तकापलीकडचा विचार करणारा मुलगा त्या पानावर जपला गेला.

वहीचा तोटा मोठा आहे, तो लपवत नाही. तिच्यात सापडत नाही. सूची न ठेवलेल्या पहिल्या पाच वह्यांत काही शोधायचं म्हणजे रविवार जातो. शिवाय प्रत एकच. वाळवी लागली की संपलं.

संगणक आणि मोबाइल

सापडण्याच्या बाबतीत टाइप केलेल्या मजकुराची बरोबरी कशालाच नाही. दहावीला उपयोजित इतिहास शिकवताना गिरण्यांची उदाहरणं हवी होती. शोधात 'भोंगा' टाकलं आणि अकरा नोंदी समोर आल्या. सोलापुरातली पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. तिच्यानंतरच्या गिरण्यांच्या भोंग्यांवर या शहराची घड्याळं चालली. त्या अकरा नोंदींत कोणाचा बाप पहिल्या भोंग्याला उठायचा, कोणाची आई दुसऱ्या भोंग्याला भाकरी बांधायची. वह्यांत हे सगळं होतंच, पण अकरा ठिकाणी विखुरलेलं.

टिकण्याचं मात्र काही खरं नाही. २००४ च्या सुमारास मी बरंच टायपिंग केलं, तेव्हा डीटीपीवाले वापरायचे त्या फॉन्टमध्ये. आज ती फाइल उघडली की 'किल्ला' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं दिसतात. छापील प्रत काढून ठेवली होती म्हणून चाळीस पानं तेवढी हाती राहिली. आता युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच उघडतात त्या पद्धतीत, टाइप केलं तर ती अडचण येत नाही, तेव्हा जे काही टाइप कराल ते युनिकोडमध्येच करा. पुढे एकदा मोबाइल बदलताना दीड वर्षाच्या नोंदी गेल्या. बॅकअप चालू आहे असं मी धरून चालले होते, उघडून कधी बघितलं नव्हतं.

आणि मोबाइलवर चूक दुरुस्त केली की ती पुसली जाते. चांदबिबीची नोंद मी मोबाइलवर केली असती तर तो मुलगा त्या नोंदीत उरला नसता.

बोलून टाइप करण्याची सोय आता मराठीत चांगली झाली आहे. हात दुखत असेल त्याने ती जरूर वापरावी. फक्त नावं तपासा. आपल्या जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. तेलुगू आडनावं आणि कन्नड वळणाची गावांची नावं मोबाइल मनाला येईल तशी लिहितो. 'हत्तरसंग कुडल' माझ्या मोबाइलने एकदाही नीट लिहिलेलं नाही.

तिथलाच फोटोचाही अनुभव सांगते. भीमा-सीनेच्या संगमावरच्या त्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा शिलालेख आहे. त्यातली मराठी ओळ, जो हे वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची, मुलांना दाखवायला सहल नेली होती. सगळ्यांनी भराभर फोटो काढले. भर दुपार, डोक्यावरचं ऊन. फोटोत अक्षरांना सावलीच नव्हती, दगड सपाट दिसत होता. सातवीतली एक मुलगी मात्र खाली बसून अक्षरं हाताने उतरवून घेत होती. तिला एकेका अक्षरापाशी थांबावं लागलं, आणि तिनेच विचारलं, "बाई, हे 'होईल'चं रूप आत्तासारखं का नाही?" तो प्रश्न फोटो काढणाऱ्या कोणाला पडला नाही. फोटो काढाच, पण सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, आणि हाताने उतरवून घेतल्यानंतर.

आवाज

सहावीच्या मुलांना आपण साधनं शिकवतो: भौतिक, लिखित, मौखिक. मौखिक साधनावरचा धडा सगळ्यांत लवकर संपतो. मला त्याचं मोल कळलं २००६ साली, एका विद्यार्थिनीच्या पणजीपाशी. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचं कुटुंब. आजी ८४ वर्षांच्या आणि दारात बसून विड्या वळायच्या. छोटा टेपरेकॉर्डर उंबऱ्यावर ठेवला होता.

१९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. त्याबद्दल विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "त्या साली संक्रांतीला आमच्या गल्लीत कुणी तिळगूळ वाटला नाही." तेवीस मिनिटांच्या त्या कॅसेटमध्ये तेंदूची पानं कापणारी कात्री सतत वाजते. या वाक्यानंतर ती थांबते. चांगली आठ-दहा सेकंदं काहीच ऐकू येत नाही. मग पुन्हा कात्री.

त्या संध्याकाळची माझी वही काढून बघितली तर तिच्यात लिहिलंय: "१९३१, संक्रांतीला तिळगूळ वाटला नाही." थांबलेली कात्री वहीत नाही. आजी आपल्या वडिलांना 'नायना' म्हणत होत्या, तेही वहीत 'वडील' झालं. मी भान ठेवून लिहिणारी, तरी त्यांची भाषा माझ्या हातून बदलली गेली.

पण नुसत्या कॅसेटवर विसंबले असते तरी फसले असते. आजी ठामपणे सांगतात की फाशी "इथंच, सोलापुरात" दिली. फाशी येरवड्याच्या तुरुंगात झाली. हे मी वहीत त्या नोंदीशेजारी लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: "गल्लीला ती इथेच झाल्यासारखी वाटली." संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर शहर कसं झालं असेल, ते मला त्या चुकीतून जास्त कळलं. आवाज आणि वही शेजारी शेजारी असल्या म्हणून ते कळलं.

रेकॉर्डिंगला कष्ट फार पडतात. एमपीथ्रीच्या साध्या दर्जात एका मिनिटाला साधारण एक एमबी जागा, म्हणजे तासाला साठेक. मोबाइलला ते काहीच नाही. वेळ जातो तो उतरवून घेण्यात. तासाभराचं बोलणं कागदावर आणायला मला पाच तास लागतात. चौदा रेकॉर्डिंग अजून उतरवायची बाकी आहेत, आणि त्यातल्या तीन फाइलींची नावं नुसती 'रेकॉर्डिंग' आणि पुढे आकडा अशी आहेत. त्यांतला एक आवाज कोणाचा, हे मला आता सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच तारीख, जागा आणि नाव मोठ्याने बोलायचं, म्हणजे फाइलचं नाव काहीही असो. आधी विचारायचं, हो म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. समोर मोबाइल दिसला की काही जण गप्प होतात. अशा वेळी तो बंद करून वही उघडायची.

कोणी काय घ्यावं

नुकतीच नोकरी लागली असेल आणि एकच प्रकार जमणार असेल, तर वही. वर्गात पेन काढलं तर मुलांचं लक्ष जात नाही, मोबाइल काढला तर सगळ्या माना वर होतात. तुम्ही एखाद्या विषयावर सलग लिखाण करणार असाल, समजा गिरण्या किंवा चादरीच्या मागांवर, तर पहिल्या दिवसापासून टाइप करा, नाहीतर पुढे सगळं दुसऱ्यांदा लिहावं लागेल. आणि घरात, गल्लीत किंवा गावाकडे ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी रेकॉर्डिंग. वही पुढच्या महिन्यातही सुरू करता येते.

मी आता तिन्हींची सांगड घातली आहे. रोजचं वहीत. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं आवाजात. रविवारी रात्री आठवड्यातल्या प्रत्येक नोंदीची एकेक ओळ टाइप करते: तारीख, विषय, वही क्रमांक, पान. वीस मिनिटांत होतं. पूर्ण मजकूर टाइप करायचा हट्ट मी दोनदा धरला आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सुटला. नुसती सूची मात्र नऊ वर्षं चालू आहे. 'कोटणीस' टाकलं की वही सात, पान ११२ असं येतं, आणि मग उठून वही काढते.

नवे सर मंगळवेढ्याकडचे. त्यांचे आजोबा ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होते, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. मी म्हटलं, "सर, वही सावकाश घ्या. शनिवारी गावी जाल तेव्हा मोबाइल पूर्ण चार्ज करून न्या. आधी तारीख, गावाचं नाव आणि आजोबांचं नाव मोठ्याने बोला. मग त्यांना विचारा, मालदांडी ज्वारी खाणाऱ्या घरात मिलोची, त्या परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी पहिल्यांदा केली त्या दिवशी कोण काय म्हणालं."