विगनचा हंगाम मैदानावर पाहावा की पडद्यावर?

मँचेस्टरच्या आसपास राहणाऱ्या आणि विगन वॉरियर्स या रग्बी लीग संघाचा हंगाम फेब्रुवारीपासून शेवटपर्यंत पाहण्याचे मनावर घेतलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात: घरच्या सामन्यांचे सीझन तिकीट काढणे, किंवा घरी बसून सामने पाहणे. २०२४ पासून सुपर लीगचा, म्हणजे विगन खेळतो त्या वरच्या स्तरावरच्या स्पर्धेचा, प्रत्येक सामना पडद्यावर दिसू लागल्यामुळे ही निवड पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे. मी २०२४ चा हंगाम केवळ पडद्यावर पाहिला आणि २०२५ मध्ये तिकीट काढले, म्हणून दोन्हींविषयी थोडेफार सांगू शकतो.

पडद्याची बाजू कमकुवत मुळीच नाही. पंचांच्या माइकमुळे पेनल्टी नेमकी कशासाठी दिली ते कानावर पडते, तर मैदानावर पुष्कळदा शेजाऱ्याच्या तर्कावर विसंबावे लागते. फ्रान्समधल्या पेर्पिन्याँ किंवा हल इथले परगावचे सामने तर बहुतेकांना पडद्यावरच परवडतात. २०२० ची ग्रँड फायनल, म्हणजे सुपर लीगचा अंतिम सामना, रिकाम्या मैदानावर झाली आणि सेंट हेलेन्स संघाच्या जॅक वेल्स्बीने अगदी अखेरच्या क्षणी ट्राय करून, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून, ती विगनच्या हातून ८-४ अशी हिसकावली. तो क्षण साऱ्या गावाने पडद्यावरच सोसला.

तरीही एका गोष्टीने माझा निर्णय केला. कॅमेरा चेंडू सोडत नाही. या खेळात चेंडूवाल्याला पकडून थांबवणे म्हणजे टॅकल; चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलच्या आत जे करायचे ते करावे लागते, त्यामुळे पाचव्या टॅकलनंतर बहुधा किक येते, आणि त्या किकचे भवितव्य चेंडूपासून तीस-चाळीस मीटर मागे उभा असलेला समोरच्या संघाचा शेवटचा बचावपटू, म्हणजे फुलबॅक, ठरवत असतो. पडद्यावर तो दिसतच नाही. चेंडू हवेत उडतो, कॅमेरा त्यामागे धावतो आणि खाली कोण उभा आहे ते कळेपर्यंत निम्मी गोष्ट घडून गेलेली असते. कबड्डी पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे फारच खटकले, कारण चढाई सुरू असताना आपली नजर चढाई करणाऱ्यापेक्षा कोपऱ्यातल्या खेळाडूच्या पायांवर असते. पकड तिथेच शिजते.

मैदानावरच्या माझ्या पहिल्याच पावसाळी शुक्रवारी हे स्पष्ट झाले. चौथा टॅकल झाला तेव्हा सगळे लोक चेंडूकडे पाहत होते आणि पाहुण्या संघाचा फुलबॅक हाताच्या खुणेने कडेला खेळणाऱ्या विंगरला मागे बोलावत, तळवे चड्डीला पुसत, एकेक पाऊल मागे सरकत होता. किक आली ती बरोबर त्याच्या छातीवर. घरी असतो तर मला फक्त एक साधा झेल दिसला असता.

२०२४ च्या ग्रँड फायनलविषयीही माझे मत त्यानंतर बदलले. हल केआर या संघावर ९-२ अशा त्या विजयाने विगनने वर्षातला चौथा करंडक मिळवला, पण पडद्यावर मला तो सामना बेव्हन फ्रेंचची ट्राय वगळता रुक्ष वाटला होता. हल केआरला ऐंशी मिनिटांत एकही ट्राय करू न देणारी विगनची बचावाची साखळी हाच त्या सामन्याचा गाभा होता, आणि तिची दोन्ही टोके चौकटीबाहेर राहत होती.

लहान मुले असतील, किंवा रात्री उशिरा परतणे जमण्यासारखे नसेल, तर पडद्याची निवड चुकीची म्हणता येणार नाही. स्टेशनपासून मैदान बरेच चालावे लागते आणि फेब्रुवारीतला गारठा गुडघ्यांना जाणवतो. मात्र तिकीट घ्यायचे ठरलेच, तर मध्यरेषेजवळच्या खालच्या रांगांचा मोह टाळून गोलखांबांच्या मागची, शक्य तितकी उंचावरची जागा मागावी. तिथून दोन्ही संघांच्या रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतात, आणि फुलबॅकही.