नोटो की टिरो? आधी ल आणि श बघा

मंडळाच्या स्मरणिकेला नाहीतर पत्रिकेला फॉन्ट हवाय आणि नोटो सॅन्स देवनागरी की टिरो देवनागरी मराठी यात अडकला असाल तर नुसतं 'लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, कोल्हापूर' टाइप करून बघा, आपल्या गावात ल आणि श ला काय तोटा नाही. दोन्ही फुकट आहेत, त्यामुळं तो प्रश्न मिटला.

लांबून ओळखायचं तर नोटोची रेघ सगळीकडं जवळपास एकाच जाडीची, टिरोची बोरूनं लिहिल्यासारखी जाड-बारीक. पण खरी मेख ल मध्ये आहे. नोटोत दोन्ही ल असतात, दंडाचा हिंदीवाला आणि आपला पाकळीचा, श पण गाठीचा नि देठाचा असे दोन. मात्र न सांगता येतो तो हिंदीवाला. मजकुराची भाषा मराठी सेट केली तरच आपला, आणि तेही सॉफ्टवेअरला ते कळत असेल तर. माझ्याकडं सगळं झकास दिसायचं, पण तोच मजकूर कॉपी करून दुसऱ्या फाइलीत टाकला की भाषा उडाली, पानभर दंडाचे ल, त्यातलं एखादं शीर्षक आधी नीट केलेलं असेल तर एकाच पानावर दोन तऱ्हेचे ल. वाचणाऱ्याला नेमकं काय ते सांगता येत नाही, पण खटकतं राव. बरं, २०२२ च्या शासन निर्णयानं सुद्धा पाकळीचा ल आणि देठाचा श असंच ठरवलंय.

टिरो मराठीत ही भानगडच नाही. फक्त डाउनलोड करताना नाव पूर्ण वाचा, कारण टिरोचे हिंदी आणि संस्कृत असे वेगळे फॉन्ट आहेत आणि घाईत तेच घेतले जातात. ही अक्षरं मुळात हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या पुस्तकांसाठी केलेली, म्हणून असेल कदाचित, सलग मजकूर लई निवांत वाचला जातो.

आता टिरोत बोल्ड नाही, रेग्युलर आणि इटॅलिक एवढंच, आणि सॉफ्टवेअरचं बोल्ड दाबलं तर अक्षर फुगून गाठी बुजतात. नोटोत थिनपासून ब्लॅकपर्यंत ९ जाड्या. फ्लेक्सच करायचा असेल तर मी पण नोटोच घेईन, तुमचं मत वेगळं असू शकतं. पुस्तकी कामाला मात्र आत टिरो, मथळ्याला नोटो, आणि मथळ्यात ल किंवा श आला तर भाषा मराठी करून, आउटलाइन करूनच (म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार करून) फाइल प्रेसला द्या.