लसूण की ओवा? जनावरांच्या आतड्यातल्या जंतूंवर कोण भारी

वासराला हगवण लागली की कुणी लसूण सुचवतं, कुणी ओवा. ई. कोलाय, साल्मोनेला अशा जंतूंना रोखणारी द्रव्यं दोन्हींत आहेत, पण काम करण्याची तऱ्हा निराळी.

लसणातलं अ‍ॅलिसिन अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की एका विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने ते तयार होतं आणि जंतूंच्या विकरांतल्या गंधकयुक्त गटांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतं. पण ते टिकत नाही. लसूण उकळून काढा केला तर उरतो बहुतेक वासच! दुभत्या गाईला दिला तर तो वास दुधातही उतरतो.

ओव्याच्या तेलातलं थायमॉल जंतूचं पेशीपटलच खिळखिळं करतं, आतले क्षार बाहेर गळतात. अ‍ॅलिसिनपेक्षा ते बरंच टिकाऊ. मात्र पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून साध्या काढ्यात कमीच येतं. शिवाय आतड्याच्या सुरुवातीलाच बरंचसं शोषलं जातं. खालपर्यंत पोचावं म्हणून खाद्यात घालताना त्यावर चरबीचं आवरण चढवतात. युरोपीय संघाने जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात घालायची प्रतिजैविकं 2006 पासून बंद केल्यावर अशा तेलांकडे लक्ष वाढलं.

कोंबड्यांच्या खाद्यासाठी मी आवरण दिलेलं थायमॉलच निवडेन. मोठ्या गाईत दोन्ही आधी कोठीपोटातल्या (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या) उपयोगी सूक्ष्मजीवांना गाठतात, तिथे जास्त मात्रा अंगाशी येते. आणि हगवणीने मलूल झालेल्या वासराला आधी क्षार-साखरेचं पाणी आणि पशुवैद्य. लसूण-ओव्याचा वाद नंतर.