फ्रेइरे की वाल्वेर्दे?
रोड वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये स्पेनचा मोठा सायकलपटू कोण? ऑस्कर फ्रेइरेची तीन सुवर्णं: 1999 वेरोना, 2001 लिस्बन, 2004 पुन्हा वेरोना. पहिल्या वेळी 23 वर्षांच्या या पोराला फारसं कुणी ओळखतही नव्हतं!

आलेहांद्रो वाल्वेर्देची पदकं सात, पण सुवर्ण एकच. 2003 आणि 2005 मध्ये रौप्य, मग चार कांस्य. 2013 ला फ्लॉरेन्सात तर शेवटी आघाडीवर उरलेल्या चौघांत दोन स्पॅनिश, तरी पोर्तुगालचा रुई कोस्ता जिंकला. अखेर 2018 मध्ये इन्सब्रुकच्या चढांवर, वयाच्या 38 व्या वर्षी सुवर्ण. मधली दोन वर्षांची डोपिंगबंदीही विसरता येत नाही.

सातत्य वाल्वेर्देचं, पण माझं मत फ्रेइरेला. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्याच्याइतकं डोकं थंड ठेवणारा विरळाच.