वॉशिंग मशीन आधी कुठे पाठवायचं: आखात, युरोप की अमेरिका?

देशात मशीन चांगलं चाललंय, आता बाहेर पाठवायचं ठरतंय. अशा वेळी कारखान्यात पहिला प्रश्न निघतो तो पैशांचा: कुठल्या देशाचं सर्टिफिकेट स्वस्तात पडेल? माझ्या मते त्याआधी दुसरी गोष्ट विचारायला हवी. त्या बाजारात तुमचं मशीन तपासलं जातं ते नेमकं कधी?

आखाती देशांत माल निघायच्या आधी कागद बघतात. अमेरिकेत तपासनीस तुमच्या कारखान्यात येऊन उभा राहतो. युरोपात आधी फारसं कुणी अडवत नाही, पण मशीन विकायला गेल्यावर सरकारी यंत्रणा दुकानातून एक उचलून लॅबमध्ये नेऊ शकते. ज्या कंपनीची कागदपत्रं चोख आहेत पण उत्पादनात सातत्य नाही, तिला आखात झेपेल, अमेरिका नाही. ज्या कंपनीचं डिझाइन भक्कम आहे, स्वतःची लॅब आहे आणि जिला आपल्या सहीची किंमत कळते, तिने युरोपाला घाबरायचं कारण नाही.

आधी पाया

सुरक्षेसाठी बहुतेक जग आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६०३३५ या मालिकेवर चालतं. ६०३३५-१ हा सगळ्या घरगुती उपकरणांचा सामाईक भाग. वॉशिंग मशीनसाठी २-७, वेगळ्या स्पिनरसाठी २-४, ड्रायरसाठी २-११. आपलं भारतीय मानक आयएस ३०२ याच मालिकेवर बेतलेलं आहे, त्यामुळे रांजणगाव असो की गोव्यातलं वेर्णा, तिथल्या क्वालिटी विभागाला ही भाषा नवी नाही.

म्हणून पहिला खर्च कशावर करायचा याबद्दल माझ्या मनात शंका नाही: आयईसीईई, म्हणजे आयईसीचीच तपासणी व्यवस्था, हिच्या सीबी योजनेखालचा टेस्ट रिपोर्ट. एकदा टेस्ट करून तो रिपोर्ट अनेक देशांत दाखवता येतो. मात्र अर्ज करतानाच कुठल्या देशांचे राष्ट्रीय फरक (त्या देशाने मूळ मानकात केलेले बदल) हवेत ते लिहून द्या. नंतर जोडायला गेलं की पुन्हा नमुने, पुन्हा फी, पुन्हा थांबणं. आणि हेही पक्कं लक्षात असू द्या की सीबी रिपोर्ट हा पुरावा आहे, परवानगी नाही. बीईईचे, म्हणजे आपल्या ऊर्जा लेबलवरचे, तारे तर भारताबाहेर कुणी मोजत नाही.

देशात निर्धास्त विकलं जाणारं मशीन या टेस्टमध्ये अडलं, तर ते बहुधा तीन ठिकाणी अडतं. पहिलं प्लास्टिक. कुणी समोर नसताना चालणाऱ्या उपकरणात, ०.२ अँपिअरपेक्षा जास्त करंट वाहणारे जोड ज्या प्लास्टिकवर टेकलेले असतात, त्याला ८५० अंश सेल्सिअसची ग्लो वायर टेस्ट (तापलेली तार टेकवून बघायची) सोसावी लागते. कनेक्टरचा साधा नायलॉन इथे जळतो. दुसरं सॉफ्टवेअर. दाराचं लॉक किंवा हीटर बंद करणं कंट्रोल बोर्डवर सोपवलं असेल, तर त्या प्रोग्रामचीही तपासणी होते, आणि बोर्ड बाहेरून घेत असाल तर पुरवठादाराकडून सोर्स कोडपर्यंतची कागदपत्रं मिळवावी लागतात. इथे महिने जातात. तिसरं म्हणजे ड्रम फिरत असताना दार किंवा झाकण उघडता येणं.

एका नजरेत

| | आखात | युरोपीय संघ | अमेरिका |
|---|---|---|---|
| वीज | २३० व्होल्ट. सौदीत ६० हर्ट्‌झ, अमिरातीत ५० | २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ | १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ |
| सुरक्षा | जी-मार्क हे आखाती चिन्ह, बाहेरच्या मान्य संस्थेकडून | सीई हे युरोपीय चिन्ह, कंपनीच्या स्वतःच्या जबाबदारीवर | यूएल २१५७ या अमेरिकी मानकानुसार मान्य लॅबचं चिन्ह |
| वीज-पाणी | देशागणिक वेगळं लेबल | ए ते जी लेबल आणि किमान मर्यादा | ऊर्जा विभागाची मर्यादा आणि पिवळं एनर्जीगाइड लेबल |
| मुख्य तपासणी | माल निघण्याआधी | बाजारात आल्यावर | कारखान्यात, वारंवार |

आखात: कागद आधी, मग कंटेनर

आखाती सहकार्य परिषदेच्या कमी दाबाच्या विद्युत उपकरणांच्या नियमात दोन याद्या आहेत. वॉशिंग मशीन आणि ड्रायर दुसऱ्या यादीत येतात, म्हणजे कंपनीने स्वतः जाहीर करून भागत नाही. मान्य संस्थेकडून नमुन्याची तपासणी करून घ्यावीच लागते. मिळालेलं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, आणि जी-मार्कसोबत क्यूआर कोड लावावा लागतो. हातात ताजा सीबी रिपोर्ट असेल तर हे काम सरळ होतं.

सौदी अरेबियाचं खातं वेगळं. तिथे सेबर या ऑनलाइन व्यवस्थेत आधी उत्पादनाचं सर्टिफिकेट लागतं, त्याची मुदत एक वर्ष. मग प्रत्येक खेपेसाठी वेगळं सर्टिफिकेट. ही नोंदणी तिथला आयातदार करतो, त्यामुळे आयातदार ढिला असेल तर तुमचा माल बंदरावर पडून राहतो. वीज आणि पाण्यासाठी सासो या सौदी मानक संस्थेचं २८८५ हे मानक आणि त्याचं लेबल पाळावं लागतं.

सौदीच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त काळजी करीन ती ६० हर्ट्‌झची. इंडक्शन मोटर ५० च्या जागी ६० हर्ट्‌झवर लावली की साधारण २० टक्के जोरात फिरते. स्पिनचा वेग वाढतो, बेअरिंगवरचा आणि टबवरचा ताण त्याहून जास्त वाढतो, पंपाचं वागणं बदलतं. ५० हर्ट्‌झवर केलेला रिपोर्ट इथे चालत नाही. पुली बदलावी लागते किंवा मोटरच नवी घ्यावी लागते. इन्व्हर्टर मोटर असलेल्या मशीनला ही अडचण जवळपास नसते. म्हणून दुबई आणि रियाध एकाच मॉडेलवर करायचं स्वप्न बघत असाल तर मोटर कुठली आहे ते आधी बघा.

अमिरातीत वीज ५० हर्ट्‌झ, प्लग ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा, आणि ऊर्जेचं लेबल ताऱ्यांचं. सूचना आणि इशारे अरबीतही द्यायचे. एक गोष्ट नियमात नाही पण तक्रारींत येते: उन्हाळ्यात तिथे गच्चीवरच्या टाकीतलं ‘थंड’ पाणी चांगलंच गरम येतं. इनलेट व्हॉल्व्ह आणि होज निवडताना हे मनात ठेवलेलं बरं.

युरोप: सही तुमची, जबाबदारी तुमची

सीई हे कुणी दिलेलं सर्टिफिकेट नाही. घरगुती वॉशिंग मशीनसाठी तिसऱ्या संस्थेची सक्ती नाही. लो व्होल्टेज (विजेची सुरक्षा), ईएमसी (इतर उपकरणांना विद्युत अडथळा न होणं) आणि आरओएचएस (घातक पदार्थांवर मर्यादा) हे तीन निर्देश पाळल्याचं कंपनी स्वतः लिहून देते आणि तांत्रिक फाइल दहा वर्षं सांभाळते. मशीनमध्ये वाय-फाय असेल तर पहिल्या दोन निर्देशांच्या जागी रेडिओ उपकरणांचा निर्देश येतो, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून त्यात सायबर सुरक्षेच्या अटीही लागू झाल्या आहेत. केवळ जाहिरातीसाठी वाय-फाय लावलेलं असेल तर युरोपाच्या पहिल्या मॉडेलमधून ते काढून टाका, असंच मी सांगेन.

खरी कसोटी पुढे आहे. इकोडिझाइनचा नियम २०१९/२०२३ आणि लेबलचा नियम २०१९/२०१४ हे दोन्ही १ मार्च २०२१ पासून लागू आहेत. मशीनमध्ये ‘इको ४०-६०’ हा प्रोग्राम हवाच: ४० अंशांत धुवायचे आणि ६० अंशांत धुवायचे सुती कपडे एकत्र टाकून एकाच फेरीत स्वच्छ निघाले पाहिजेत. टेस्टमध्ये पूर्ण, अर्धा आणि पाव भरणा, असं सगळं मोजतात. वीज कमी लागली तर भागत नाही. तीन किलोंपेक्षा मोठ्या मशीनचा धुलाईचा निर्देशांक १.०३ च्या वर हवा आणि कपड्यांत राहिलेल्या साबणाचं प्रमाण किलोमागे ५ ग्रॅमच्या आत हवं. १ मार्च २०२४ पासून ऊर्जा निर्देशांक (जितका कमी तितकी वीज कमी) ९१ च्या खाली लागतो, म्हणजे लेबलवरचे एफ आणि जी हे वर्ग अशा मशीनसाठी बादच झाले. शिवाय २० अंशांचा प्रोग्राम द्यावा लागतो.

थंड पाण्यावर चालणारं, हीटर नसलेलं आपलं टॉप लोड मशीन या चाळणीतून जाणं मला जवळपास अशक्य वाटतं. त्यावर पैसे घालू नका. हीटर आणि इन्व्हर्टर मोटर असलेलं फ्रंट लोड हाताशी असेल तरच युरोपाचा विचार करा.

नियमातला दुसरा भाग अनेकांच्या नजरेतून सुटतो. शेवटचं मशीन बाजारात आल्यापुढे किमान दहा वर्षं मोटर, पंप, बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर, हीटर, बोर्ड असे सुटे भाग पुरवायचे, तेही मागणीनंतर १५ कामाच्या दिवसांत. बोर्डचं मॉडेल दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या कंपनीसाठी हे लेबलपेक्षा अवघड आहे. भारतात बसून ते निभत नाही. तिथे गोदाम किंवा भरवशाचा भागीदार लागतो. ईपीआरईएल या युरोपीय संघाच्या ऊर्जा लेबलांच्या नोंदवहीत मॉडेल नोंदवायलाही युरोपीय संघात असलेला आयातदार किंवा अधिकृत प्रतिनिधी लागतो.

तपासणीत एक मशीन नापास झालं तर आणखी तीन घेऊन बघतात. त्या तिघांची सरासरीही मर्यादेबाहेर गेली तर ते मॉडेल आणि त्याच्यासारखी बाकीची मॉडेलं नियमबाह्य ठरतात. म्हणून प्रयोगशाळेत निवडून नेलेल्या उत्तम नमुन्याचे आकडे लेबलवर छापू नका. लाइनवरून सहज उचललेल्या मशीनचे आकडे बघा आणि त्यातही हात राखून जाहीर करा.

ड्रायर पाठवायचा असेल तर गणित वेगळं: १ जुलै २०२५ पासूनच्या नव्या मर्यादा व्यवहारात फक्त हीट पंपाच्या ड्रायरलाच पार करता येतात. ब्रिटनसाठी मात्र फार वेगळं करावं लागत नाही. सीई चिन्ह तिथे पुढेही चालणार आहे, फक्त तिथलं लेबल आणि प्लग सांभाळा.

अमेरिका: हे दुसरंच मशीन आहे

१२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. मोटर, पंप, व्हॉल्व्ह, हीटर, बोर्ड सगळं नवं. सुरक्षेचं मानक यूएल २१५७, आयईसीशी नातं असलं तरी रिपोर्ट थेट चालत नाही. गंमत अशी की घरगुती मशीनवर यूएलसारखं चिन्ह असावं असा सरसकट केंद्रीय कायदा नाही, पण ते नसेल तर मोठी दुकानं माल घेत नाहीत, विमा कंपन्या उभ्या राहत नाहीत. चिन्ह यूएलचंच हवं असंही नाही. इंटरटेकचं ईटीएल किंवा सीएसए चालतं. याच मानकाची कॅनडाशी जोडलेली आवृत्ती आहे, म्हणून दोन्ही देशांचं काम एकाच वेळी मागावं.

चिन्ह मिळाल्यावर खरं काम सुरू होतं. तपासनीस वर्षातून अनेकदा, न सांगता कारखान्यात येतो आणि मंजूर यादीतला प्रत्येक भाग लाइनवर ताडून बघतो. कॅपॅसिटरवर दुसऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर त्या मालाला चिन्ह लावणं थांबतं. प्लास्टिकसाठी यूएल ९४ या आगीच्या कसोटीची नोंद, भागांसाठी यूएलची मान्यता. पुरवठ्याची साखळीच बदलावी लागते.

ऊर्जा विभागाच्या टेस्टमध्ये अर्धं सुती, अर्धं पॉलिएस्टर असं ठरावीक कापड वापरतात आणि स्पिननंतर राहिलेली ओलही हिशेबात धरतात, कारण ती ड्रायरची वीज खाते. २०१८ पासूनच्या मर्यादांनुसार नेहमीच्या आकाराच्या फ्रंट लोडला ऊर्जेचा आकडा (विजेच्या एका युनिटमागे किती घनफूट ड्रम) किमान १.८४ आणि पाण्याचा (ड्रमच्या घनफुटामागे किती गॅलन) जास्तीत जास्त ४.७, टॉप लोडला १.५७ आणि ६.५. टॉप लोडला वेगळी, सैल मर्यादा आहे, ही आपल्यासाठी युरोपाच्या तुलनेत सोयीची बाजू. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नव्या मर्यादा १ मार्च २०२८ पासून लागू व्हायच्या आहेत, पण २०२५ मध्ये तिथल्या सरकारने उपकरणांचे बरेच नियम सैल करायला घेतले. डिझाइन गोठवण्याआधी ताजी स्थिती बघाच. त्याच वर्षी वॉशिंग मशीनमधल्या पोलादावरही जादा शुल्क लागलं, त्याचा भाव कस्टम एजंटकडून काढून घ्या.

मग निवड कशी करावी

सेमी ऑटोमॅटिक बनवत असाल तर आखातच. युरोपच्या ऊर्जा नियमांत फक्त स्वयंचलित मशीन येतात, त्यामुळे ट्विन टब त्या लेबलमधून सुटतं, पण सुरक्षेचे निर्देश सुटत नाहीत आणि गिऱ्हाईकही फारसं नाही. हीटर नसलेलं टॉप लोड असेल तर आधी अमिरात, मोटरचं काम झाल्यावर सौदी. हीटर असलेलं इन्व्हर्टर फ्रंट लोड असेल तर सीबी रिपोर्ट एकदाच युरोप आणि आखात दोन्ही धरून करा. आखातात विक्री चालू ठेवा आणि त्या काळात युरोपातला सुट्या भागांचा भागीदार शोधा. अमेरिकेत मात्र पक्की मोठी ऑर्डर देणारा खरेदीदार समोर असल्याशिवाय शिरू नका. वेगळं मॉडेल, वेगळे पुरवठादार आणि वारंवार येणारा तपासनीस यांचा खर्च सुट्या कंटेनरवर निघत नाही.

लॅबला पहिलं पत्र लिहिण्याआधी खरेदी विभागाला सोबत घेऊन महत्त्वाच्या भागांची यादी करा: मोटर, कॅपॅसिटर, दाराचं लॉक, पंप, इनलेट व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच, हीटर, बोर्ड, वायर, कनेक्टर. प्रत्येकाला दोन पुरवठादार धरा आणि दोघांचेही भाग पहिल्याच टेस्टमध्ये तपासून घ्या. कोटेशन मागताना मूळ फीबरोबर पुन्हा टेस्ट करण्याचा दर, भाग बदलल्यास लागणारी फी आणि दरवर्षीचा खर्च लेखी मागा.