‘प्रवास’ एक, इंग्रजी शब्द चार: ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीविषयी

अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी निबंध शिकवताना एक चूक दरवर्षी हमखास माझ्यासमोर येते. मुले ‘आय हॅड अ गुड ट्रॅव्हल’ असे लिहितात. त्यांच्या दप्तरातला इंग्रजी-मराठी कोश उघडून पाहिला, की त्यांना दोष देववत नाही, कारण ट्रॅव्हल, जर्नी, ट्रिप आणि व्हॉयेज या चारही शब्दांपुढे तिथे थोड्याफार फरकाने ‘प्रवास’ हाच अर्थ छापलेला असतो. वाचताना तेवढ्याने भागते. लिहायला बसले, की चौघांतला कोणता शब्द घ्यायचा, हे त्या कोशावरून ठरवता येत नाही. या अडचणीसाठी मी सातव्या आवृत्तीपासून ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ही इंग्रजीचे अर्थ इंग्रजीतच सांगणारी डिक्शनरी वापरते आहे. तिची २०२० साली निघालेली दहावी आवृत्ती घ्यावी का, असे पालक आणि सहकारी शिक्षक विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हा कोश मुळात इंग्रजांसाठी केलेला नाही आणि माझ्या मते तेच त्याचे मोठे बळ आहे. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर सिद्ध केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रकाशित केला. ज्याची मायबोली इंग्रजी नाही, असा माणूस नेमका कुठे अडखळेल, याचा विचार त्यामुळे पानोपानी जाणवतो. अर्थ शक्यतो सुमारे ३००० नेहमीच्या शब्दांच्या मर्यादेत सांगितलेले असतात, आणि नाम न मोजता येणारे असेल, तर त्याच्यापुढे तशी खूण असते. ‘ट्रॅव्हल’ या नामापुढे न मोजता येण्याची खूण आहे. वरच्या वाक्यातले ‘अ’ का चुकले, हे मुलाला दाखवायला ती एक खूण पुरते. व्याकरणाचे व्याख्यान द्यावे लागत नाही.

खरे सामर्थ्य मात्र समानार्थी शब्दांच्या चौकटींत आहे. ‘ट्रिप’ या शब्दापाशी जी चौकट आहे, तिच्यात जर्नी, टूर, एक्स्कर्शन, आउटिंग असे शब्द एकत्र घेतले आहेत आणि प्रत्येकाची हद्द सांगितली आहे. ट्रिपमध्ये जाऊन परत येणे गृहीत असते, तर जर्नी बहुधा एका दिशेची असते. अंतर लांबचे असले तरी कालावधी थोडा असेल तर ट्रिप चालते. जिथे वेळ फार लागतो आणि वाट कठीण असते, तिथे जर्नी. हे वाचल्यावर मला आपला ‘मजल’ हा शब्द आठवला. जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आलेल्या ‘जर्नी’च्या मुळाशी दिवस आहे, एका दिवसात होणारी वाटचाल आहे, ‘मजल दरमजल’ म्हणताना आपणही एकेका दिवसाची चालच मोजत असतो. मुलांना हे सांगितले, की जर्नी या शब्दातले कष्ट त्यांना वेगळे समजवावे लागत नाहीत.

मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. हे इंग्रजी शब्द आपण केव्हाच घरात घेतले आहेत आणि त्यांना आपापली कामे वाटून दिली आहेत. ‘ट्रिप’ म्हणजे शाळेची सहल, किंवा टेम्पोवाल्याने विटांच्या चार ट्रिपा मारल्या तर ती खेप. ‘टूर’ म्हणजे माणशी पैसे भरून केलेली दहा-बारा दिवसांची सफर. मंत्र्यांचा मात्र दौराच असतो. आणि ‘ट्रॅव्हल्स’ म्हणजे चक्क खासगी बस: ‘मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलो’ हे वाक्य मराठीत पूर्ण शुद्ध आणि स्पष्ट आहे. हाच मुलगा इंग्रजी लिहू लागला, की मराठीतली ‘ट्रॅव्हल्स’ त्याच्या वाक्यात शिरते. मी वर्गात फळ्याच्या एका बाजूला आपले अर्थ लिहिते, दुसऱ्या बाजूला कोशातली चौकट उतरवते, आणि मग मुलेच फरक सांगू लागतात.

पैशांच्या शब्दांची चौकट मला याहूनही उपयोगी वाटते. आपण घराचे भाडे देतो, रिक्षाचे भाडे देतो आणि मांडववाल्यालाही भाडेच देतो. इंग्रजीत घरासाठी रेंट, प्रवासी वाहनासाठी फेअर, थोडा वेळ वापरायला घेतलेल्या वस्तूसाठी हायर चार्ज असे तुकडे पडतात. शिवाय वकिलाची किंवा शाळेची ती फी आणि रस्त्यावरचा तो टोल. ‘ऑटो रेंट’ असे लिहिणाऱ्या मुलीला मी ही चौकट वाचायला दिली, तेव्हा तिने स्वतःच विचारले, की मग गाडी आठवडाभर चालवायला घेतली तर फेअर कसे म्हणायचे? तिथे रेंटल येते, हेही त्याच चौकटीत होते.

काही जोड्यांसाठी ‘नेमका शब्द कोणता’ अशा धर्तीच्या छोट्या टिपा आहेत. शेड आणि शॅडो ही जोडी आपल्यासाठी खास, कारण आपण दोन्हींना सावलीच म्हणतो. झाडाखाली उन्हापासून आसरा मिळतो ती शेड. आपल्या पायाशी चिकटून चालणारी काळी आकृती ती शॅडो.

आता मर्यादा. चौकट एकाच शब्दापाशी असते आणि बाकीच्या शब्दांपाशी फक्त तिकडे पाहण्याची सूचना, त्यामुळे पाने उलटण्याची तयारी हवी. अक्षर बारीक आहे. चष्म्याचा नंबर वाढलेल्या माझ्यासारखीने दिव्याखाली बसावे. लाख, कोटी, ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) अशा भारतीय वापराची नोंद कोशात आहे, पण मराठीच्या बाजूने उठणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्यात शोधू नयेत. एका मुलीने आजोबांच्या वारीवर निबंध लिहिला होता आणि वारीला ‘ट्रिप’ म्हटले होते. आळंदीहून पंढरपूर पायी गाठायचे म्हणजे सहल नव्हे, हे चौकटीवरून तिला पटले, आणि आम्ही दोघींनी ‘पिल्ग्रिमेज’ हा शब्द घेतला. पण ‘आजोबांच्या पस्तीस वाऱ्या झाल्या’ या वाक्यातले वर्षानुवर्षे न चुकता जाणे पिल्ग्रिमेजमध्ये नाही आणि जर्नीमध्येही नाही. शेवटी ‘वारी’ हाच शब्द ठेवून पुढे अर्ध्या ओळीत खुलासा केला.

हीच माहिती ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते आणि तिथे उच्चारही ऐकता येतात, तेव्हा केवळ अर्थ पाहायचा असेल तर पुस्तकावर खर्च करण्याची गरज नाही. ज्या घरात दहावीच्या पुढचे मूल आहे आणि त्याला इंग्रजी लिहायचे आहे, तिथे मात्र मी छापील प्रतच सुचवेन, कारण शब्द शोधताना शेजारच्या चौकटीवर नजर पडते आणि मूल तीही वाचून काढते. नववीपर्यंतच्या मुलांना हा कोश जड जातो. त्यांच्यासाठी चांगला इंग्रजी-मराठी कोशच असू द्यावा. जुनी आवृत्ती सुस्थितीत मिळत असेल तर तीही घ्यायला हरकत नाही; माझ्या वर्गात आजही सातवी आवृत्तीच टेबलावर असते आणि ‘ट्रिप’चे पान आता चिकटपट्टीने जोडलेले आहे.